डोळे आल्यावर ड्रॉप कोणते, किती दिवस, आणि त्यांचे साइड इफेक्ट काय

प्रश्न थोडक्यात असा आहे: डोळे येऊन सहा दिवस झाले, डॉक्टरांनी व्हायरल आहे असं सांगून अँटिबायोटिक ड्रॉप दिले, त्याने लाली काही हटेना, मग घरात कुणाच्या तरी आधीच्या दुखण्यातले उरलेले दुसरे ड्रॉप टाकून बघितले तर एका दिवसात डोळा जवळजवळ पांढरा झाला, पण टाकायचे थांबवले की परत लाल आणि परत खुपायला लागतं. तर हे दुसरे ड्रॉप अजून आठवडाभर टाकले तर चालतील का, त्यांचे साइड इफेक्ट काय असतात, आणि या व्हायरसवर नेमकं औषध कोणतं?

मी डोळ्यांचा डॉक्टर आहे, बरीच वर्षं हेच बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पण घाईत असाल तर आधी एवढं करा, ती दुसरी बाटली सोबत घ्या आणि लवकरात लवकर डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. तुम्ही जे सांगताय, म्हणजे टाकलं की एका दिवसात पांढरा, थांबवलं की परत लाल, त्यावरून त्यात स्टिरॉइड, म्हणजे सूज आणि लाली दाबणारं औषध, असण्याची शक्यता खूप वाटते. दोन-तीन दिवसच टाकलं असेल तर आज थांबवा. कुणी वाचणारा असेच ड्रॉप कित्येक आठवडे टाकत असेल तर त्याने मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये, लगेच दाखवावं, कारण जास्त दिवस चाललेलं स्टिरॉइड हळूहळू कमी करावं लागतं.

आता औषधाचं. व्हायरल कंजंक्टिव्हायटिस, म्हणजे व्हायरसमुळे डोळे येणं, बहुतेक वेळा अ‍ॅडिनोव्हायरसमुळे होतो आणि अ‍ॅडिनोव्हायरसला मारणारा, रीतसर मान्यता मिळालेला ड्रॉप आजघडीला नाहीये. प्रयत्न झालेत. सिडोफोव्हिर नावाच्या औषधाचे ड्रॉप करून बघितले, व्हायरसवर ते चालत होतं पण डोळ्यालाच इतका त्रास झाला, अश्रू वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या अरुंद झाल्या, की तो मार्ग सोडून द्यावा लागला. पोव्हिडोन आयोडीन एकटं किंवा स्टिरॉइडसोबत, गॅन्सिक्लोव्हिरचं जेल, हेही तपासून झालं, पण सगळ्यांना सरसकट द्यावं असं ठाम काही त्यातून हाती आलेलं नाही. म्हणजे सर्दीसारखंच आहे, शरीर स्वतः व्हायरसला हटवतं, आपण तोवर डोळ्याला आराम द्यायचा आणि बुबुळाला इजा होऊ द्यायची नाही.

आणि शरीराला त्यासाठी वेळ लागतो, हे पेशंटला कुणी नीट सांगतच नाही आणि तिथून सगळा घोटाळा सुरू होतो. लागण झाल्यावर साधारण ५ ते १२ दिवसांनी डोळा लाल होतो, आधी एक, मग दोन-चार दिवसांत दुसरा. पहिले ३ ते ५ दिवस वाढतच जातं, पाणी गळतं, वाळू गेल्यासारखं खुपतं, सकाळी पापण्या चिकटतात, कानाच्या पुढे छोटी दुखरी गाठ लागते. मग हळूहळू उतरायला लागतं आणि १ ते २ आठवड्यांत, जोरदार प्रकार असेल तर ३ आठवड्यांत बरं होतं. आता बघा, माणूस चौथ्या दिवशी वैतागून ड्रॉप बदलतो, सहाव्या दिवशी अजून एकदा बदलतो, आणि आठव्या दिवशी जी बाटली हातात असते तिला श्रेय मिळतं, मग तीच बाटली पुढच्या वर्षी घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यात जाते. तुमचा सहावा दिवस आहे, म्हणजे अँटिबायोटिक ‘फेल’ गेलं असं काही नाही, या आजारात सहाव्या दिवशी डोळा लाल असणारच.

(एन्टेरोव्हायरस ७० आणि कॉक्सॅकी ए२४ या व्हायरसमुळे येणारे डोळे वेगळे, त्यात एक-दोन दिवसांतच लागण दिसते, पांढऱ्या भागावर रक्ताचे डाग येतात आणि सहसा आठवड्यात आटोपतं. १९६९ मध्ये घानात त्याची पहिली मोठी साथ आली, त्याच वर्षी माणूस चंद्रावर उतरला होता म्हणून त्याला ‘अपोलो ११’ चा आजार म्हणायला लागले. दिसायला भयंकर, पण नजरेला सहसा धोका नसतो आणि उपचार तोच, आरामाचा.)

आता तुमची ती दुसरी बाटली. बाटलीवरच्या मोठ्या अक्षरातल्या नावाकडे बघू नका, खाली बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते वाचा, लागलं तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा. शेवटी ‘सोन’ किंवा ‘लोन’ असलेलं नाव दिसलं, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, तर ते स्टिरॉइड. लोटेप्रेडनॉल आणि डायफ्लुप्रेडनेट ही नावं या नियमात बसत नाहीत पण तीही स्टिरॉइडच. पुष्कळदा ते एकटं नसतं, मॉक्सिफ्लॉक्सासिन किंवा टोब्रामायसिनसारख्या अँटिबायोटिकसोबत एकाच बाटलीत असतं, आणि नावात फक्त शेवटी एखादं ‘डी’ किंवा ‘डेक्स’ जोडलेलं असतं. लोक म्हणतात ‘मी तर साधं अँटिबायोटिक टाकत होतो’, आणि बाटली उलटी करून वाचली की दुसऱ्या ओळीत डेक्सामेथासोन ०.१ टक्के लिहिलेलं असतं. हे इतक्या वेळा होतं की मी आता ‘कोणता ड्रॉप टाकता’ असं विचारतच नाही, बाटलीच आणायला सांगतो.

स्टिरॉइड टाकल्यावर एका दिवसात डोळा पांढरा का होतो? लाली, सूज, पाणी हे बरंचसं आपल्याच शरीराच्या प्रतिकारामुळे असतं, व्हायरसशी लढाई चाललेली असते त्याची ती खूण. स्टिरॉइड ती लढाई दाबतं. डोळा छान दिसतो, खुपणं कमी होतं, पण व्हायरस आहे तिथेच असतो, उलट प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय की स्टिरॉइडने अ‍ॅडिनोव्हायरस डोळ्यात जास्त दिवस टिकून राहतो. म्हणजे डोळा पांढरा दिसतोय म्हणून तुम्ही कामावर जाता, मुलांना जवळ घेता, आणि लागण मात्र पसरवत राहता. आणि ड्रॉप थांबवला की दाबलेलं सगळं उसळून वर येतं, तेच तुम्हाला दिसतंय.

हे झालं त्यातल्या त्यात हलकं. खरी भीती तीन गोष्टींची आहे.

पहिली म्हणजे लाल डोळा दरवेळी अ‍ॅडिनोव्हायरसचाच असतो असं नाही. हर्पिसचा व्हायरस, तोच ज्याने ओठावर तापाच्या पुळ्या उठतात, तोही डोळ्यात येतो आणि सुरुवातीला अगदी साधे डोळे आल्यासारखाच दिसतो, बहुतेक वेळा एकाच डोळ्यात. तपासताना आम्ही फ्लोरेसिनचा पिवळा-केशरी रंग डोळ्यात लावून निळ्या उजेडात बघतो तेव्हा बुबुळावर झाडाच्या फांदीसारखी हिरवी चमकणारी रेघ दिसते, टोकांना बारीक गाठी. या डोळ्यात स्टिरॉइड गेलं की ती रेघ पसरते आणि नकाशासारखी मोठी जखम होते, आणि ती भरली तरी मागे कायमचा पांढरा डाग राहू शकतो, तोही नेमका नजरेसमोर. हा रंग लावून बघण्याआधी लाल डोळ्यात स्टिरॉइड टाकायचंच नाही, हे माझं ठाम मत आहे आणि यात मी कुणासाठीही सूट देत नाही. आणि हो, हर्पिसवर मात्र खरोखर औषध आहे, असायक्लोव्हिरचं मलम, गॅन्सिक्लोव्हिरचं जेल, गोळ्या. म्हणजे जिथे औषध आहे तिथे ते मिळायला उशीर होतो आणि जे नको ते आधी पडतं.

दुसरी, डोळ्याचं प्रेशर. स्टिरॉइडचे ड्रॉप ४ ते ६ आठवडे चालले तर साधारण तीनातल्या एका माणसाचं प्रेशर मध्यम वाढतं, आणि ५ टक्क्यांच्या आसपास लोक असे असतात की त्यांचं प्रेशर खूपच वाढतं. यात दुखत नाही, लाल होत नाही, दिसायला काही कमी येत नाही, म्हणजे कळायला मार्गच नाही, प्रेशर मोजलं तरच कळतं. लक्षात नाही आलं तर डोळ्याची नस हळूहळू सुकत जाते, काचबिंदू होतो, आणि गेलेली नजर परत येत नाही. लहान मुलांमध्ये हे प्रेशर मोठ्यांपेक्षा लवकर आणि जास्त वाढू शकतं. घरात कुणाला काचबिंदू असेल, तुम्हाला मोठा मायनस नंबर असेल, तर धोका जास्त. आठवडाभरात सहसा असं होत नाही, पण ‘आठवडाभर’ म्हणून सुरू झालेली बाटली किती महिने चालते ते मी बघितलंय, कारण थांबवलं की लाल होतं म्हणून माणूस थांबवतच नाही.

तिसरी, मोतीबिंदू. वारंवार आणि जास्त दिवस टाकलं तर भिंगाच्या मागच्या बाजूला डाग धरतो, त्यात उजेडात आणि वाचताना लवकर त्रास व्हायला लागतो. तरुण माणसाला हा मोतीबिंदू झाला की आधी विचारायचं ते हेच, स्टिरॉइड कुठून जात होतं. शिवाय बुबुळाला जखम असेल तर ती भरायला उशीर होतो, बुरशीचं इन्फेक्शन असेल तर भडकतं.

मग आम्ही स्वतः स्टिरॉइड देतच नाही का? देतो. अ‍ॅडिनोव्हायरसचा जो जोरदार प्रकार आहे त्यात पापणीच्या आत पांढरट पडदा धरतो, तो काढावा लागतो आणि स्टिरॉइड द्यावं लागतं नाहीतर आतली त्वचा एकमेकांना चिकटते. दुसरं म्हणजे लाली उतरताना, साधारण दुसऱ्या आठवड्यात, बुबुळात पांढरे गोल ठिपके येतात, त्याने अंधुक दिसतं, दिव्यांभोवती चकाकी येते. हे ठिपके बहुतेकांचे आपोआप जातात पण महिने लागतात, कुणाकुणाला वर्षाच्या वर. ठिपके अगदी मधोमध असतील, काम करणं अवघड झालं असेल तर सौम्य स्टिरॉइड कमी प्रमाणात देऊन फार हळूहळू उतरवतो आणि मधेमधे प्रेशर मोजत राहतो. तरीसुद्धा थांबवल्यावर ठिपके परत येतात असं होतं, म्हणून थोडंसं अंधुक असेल तर मी पेशंटला थांबायला सांगतो, रोज स्टिरॉइडवर अवलंबून राहण्यापेक्षा वाट बघणं परवडतं.

अँटिबायोटिक ड्रॉपबद्दल फार लिहीत नाही. व्हायरसवर ते चालत नाही, एवढंच. डॉक्टर का देतात, तर कधी बॅक्टेरियल आहे की व्हायरल हे पहिल्या दिवशी नक्की सांगता येत नाही म्हणून, बुबुळ खरचटलेलं असेल तर संरक्षण म्हणून, आणि खरं सांगायचं तर कधी पेशंट काहीतरी लिहून दिल्याशिवाय उठत नाही म्हणूनही. साइड इफेक्ट सहसा किरकोळ, टाकल्यावर चुरचुरणं, घशात कडू चव. नियोमायसिन असलेल्या ड्रॉपची अ‍ॅलर्जी बऱ्यापैकी लोकांना येते, पापणी सुजते, खाजते, कातडी सोलवटते. टोब्रामायसिन, जेंटामायसिन जास्त वेळा आणि जास्त दिवस टाकले तर बुबुळाचा वरचा थर खरखरीत होतो. विनाकारण वापरलं की पुढे खरंच गरज पडेल तेव्हा जंतू दाद देत नाहीत, तो धोका वेगळाच.

‘लाली घालवणारे’ म्हणून मिळतात ते ड्रॉप, नॅफाझोलिन, टेट्राहायड्रोझोलिन वगैरे, ते फक्त रक्तवाहिन्या आवळतात. काही मिनिटांत डोळा पांढरा, तीन-चार तासांनी परत लाल, आणि रोज टाकत गेलात तर आधीपेक्षा जास्त लाल. बाहुली थोडी मोठी होते, त्यामुळे ज्यांच्या डोळ्याचा कोन, म्हणजे आतलं पाणी बाहेर पडायची वाट, अरुंद आहे त्यांना अचानक काचबिंदूचा झटका येऊ शकतो. लहान मूल ही बाटली तोंडाला लावून प्यायलं तर प्रकरण गंभीर होतं, गुंगी येते, हृदयाचे ठोके आणि बीपी खाली जातं, लगेच हॉस्पिटलला न्यावं लागतं. डोळे आले असताना यांचा उपयोग काहीच नाही, मी देत नाही.

अजून एक, बधिर करणारे ड्रॉप, प्रोपॅराकेन. तपासताना आम्ही एक थेंब टाकतो आणि खुपणं क्षणात थांबतं, मग पेशंट म्हणतो हेच द्या ना घरी. नाही. घरी वारंवार टाकले तर बुबुळाची जखम भरत नाही, बुबुळ विरघळायला लागतं, डोळा जाऊ शकतो.

मग टाकायचं काय? कृत्रिम अश्रू, म्हणजे लुब्रिकंट ड्रॉप, कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के किंवा सोडियम हायल्युरोनेट. दिवसातून ४ ते ६ वेळा, शक्यतो थंड करून, म्हणजे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून, थंड थेंबाने आराम जास्त पडतो. बंद पापण्यांवर स्वच्छ थंड ओला कपडा दहा मिनिटं, प्रत्येक डोळ्याला वेगळा. खाज खूप असेल तर ओलोपॅटाडिनसारखा अँटिहिस्टामिन ड्रॉप चालतो, पण डॉक्टरला विचारून. दुखत असेल तर साधी पॅरासिटामॉल. एवढंच. ऐकायला फारच कमी वाटतं, मला कळतं, पण पुष्कळ पेशंटला एवढंच पुरतं.

लुब्रिकंटचेही साइड इफेक्ट असतात का? असतात, थोडे. टाकल्यावर मिनिटभर अंधुक दिसतं, जेल असेल तर जास्त वेळ, तेव्हा लगेच गाडी चालवू नका. आणि प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं रसायन, बऱ्याच ड्रॉप्समध्ये ते बेन्झाल्कोनियम क्लोराइड असतं, ते जास्त वेळा गेलं तर बुबुळाचा वरचा थर दुखावतं. दिवसातून सहापेक्षा जास्त वेळा टाकायची वेळ आली तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. नाहीतर काय होतं बघा: तीन बाटल्या, प्रत्येक चार वेळा, म्हणजे दिवसात बारा थेंब, व्हायरस तिसऱ्या आठवड्यात गेलेला असतो पण डोळा लालच, आणि तो लाल डोळा आता औषधांमुळे आहे. खालची पापणी ओढून बघितलं की लाली वरच्यापेक्षा खालच्या भागात जास्त, कारण थेंब तिथेच साचतो, आणि पापणीखालची गालाजवळची कातडी कोरडी, लालसर, भेगाळलेली. अशा डोळ्याला चौथी बाटली दिली तर अजून बिघडतं, आम्ही सगळं बंद करून फक्त बिनप्रिझर्व्हेटिव्हचं लुब्रिकंट ठेवतो आणि काही दिवसांत डोळा शांत होतो.

टाकायची पद्धत. थेंब एकच. बाटलीतला एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा, आणि डोळ्यात त्यापेक्षा कमीच मावतं, म्हणजे दुसरा थेंब सरळ गालावर नाहीतर नाकात. हात साबणाने धुवा, खालची पापणी खाली ओढा, वर बघा, बाटलीचं टोक पापणीला किंवा पापणीच्या केसांना न लावता थेंब टाका, डोळा हलकेच मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरा, त्याने औषध घशात कमी उतरतं. दोन वेगळे ड्रॉप असतील तर मधे ५ मिनिटं जाऊ द्या नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. एकच डोळा आला असेल तर दुसऱ्यात ‘आधीच’ म्हणून टाकू नका, आजारी डोळ्याला लागलेलं टोक चांगल्या डोळ्याला लागण देतं. उघडलेली बाटली ४ आठवड्यांनी टाकून द्यायची, किंवा बाटलीवर कमी दिवस लिहिले असतील तर त्याआधी. दुसऱ्याची बाटली आपल्याला नाही, आपली दुसऱ्याला नाही.

बघितल्याने डोळे येत नाहीत, हात लागून येतात. काळा चष्मा उजेडाच्या त्रासासाठी घाला, लागण त्याने थांबत नाही. अ‍ॅडिनोव्हायरस कोरड्या वस्तूंवरही काही आठवडे जिवंत राहू शकतो आणि सॅनिटायझरला तितका बधत नाही, साबण-पाण्याने हात धुणं जास्त भरवशाचं. टॉवेल, उशीचा अभ्रा, डोळ्यांचा मेकअप वेगळा. डोळा लाल आणि गळतोय तोवर लागण होऊ शकते, बऱ्याचदा १० ते १४ दिवस.

आता थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं अशा गोष्टी: नजर कमी झाली आणि पापणी मिटून उघडूनही सुधारत नाही, खुपण्यापलीकडे आतून ठणकतंय, उजेडाकडे बघवत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, पापणीवर किंवा कपाळावर फोड आलेत, घट्ट पिवळा-हिरवा पू पुसला तरी लगेच परत येतोय, डोळ्यात केमिकल किंवा काही उडून गेलं होतं. एका महिन्याच्या आतलं बाळ असेल तर डोळा थोडा चिकटत असला तरी थांबू नका. आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारे, तुमचा लाल डोळा आमच्यासाठी ‘डोळे आलेत’ नसतोच, तपासून बुबुळात जंतू नाहीत हे कळेपर्यंत तो गंभीरच धरायचा, लेन्स लगेच काढा, ती जोडी, डबी आणि सोल्युशनची बाटली परत वापरू नका, पण फेकूही नका, तपासायला डॉक्टरकडे सोबत न्या.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, डॉक्टरला दाखवून रंग लावून तपासून घ्या, हर्पिस नाही हे कळलं आणि बुबुळ साफ असेल तर त्यांना विचारून अँटिबायोटिकही थांबवता येईल. पुढचे दोन-तीन दिवस स्टिरॉइड थांबवल्यामुळे डोळा आतापेक्षा जास्त लाल होईल, त्याला घाबरून परत ती बाटली उघडू नका, लुब्रिकंट आणि थंड कपडा चालू ठेवा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी लाली गेली पण धुरकट दिसतंय असं झालं तर परत जा, ते बुबुळातले ठिपके असू शकतात आणि ते स्लिट लॅम्पवरच, म्हणजे डोळा मोठा करून बघायच्या आमच्या यंत्रावरच, नीट दिसतात.